लाल बिल्ला

"बिल्ला बाहेर गेलाय. उत्पादनाचे मुल्यादीसाहेब परत आले की तुम्ही जा," विविक म्हणाली आणि दाराशेजारच्या खुर्चीवर तशीच बसून राहिली.

हिशेब खात्याचा साहेब ओशाळं हसून आपल्या जागेवर परत गेला. त्रेतेसच्या डोंगरावरच्या त्या हॉटेलात हवा गार होती आणि सकाळपासून विविक सगळ्यांना आल्याचा गरम चहा पाजत होती. कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीची झाडून सगळी वरिष्ठ मंडळी तिथे जमली होती. अंगात पिवळे टीशर्ट, छातीवर 'एक घर, एक मन' असं छापलेलं. दिवसाचा नियम तिने सुरुवातीलाच सांगितला होता. संडासाला जायचं तर टेबलावरचा लाल लाकडी बिल्ला गळ्यात घालून जायचं. बिल्ला एकच. गेलेला परत आल्याशिवाय दुसऱ्याने जायचं नाही. तेव्हा सगळे खो-खो हसले होते. आता कोणी हसत नव्हतं. कुणी पाय जुळवून बसलं होतं, कुणी चहाचा पेला हळूच लांब सरकवला होता.

सिदोआर्जोच्या त्यांच्या कारखान्यात असाच बिल्ला प्रत्येक रांगेच्या मुकादमाच्या टेबलावर असे. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

कंपन्यांना माणसं सांभाळण्याबद्दल सल्ला द्यायच्या या कामात विविकला अजून वर्षही झालं नव्हतं. त्याआधीचं सगळं आयुष्य सुराबायातल्या एका टायर कंपनीत गेलं. टायपिस्ट म्हणून लागली आणि कर्मचारी विभागाची प्रमुख होऊन बाहेर पडली. गाडी होती, ड्रायव्हर होता, मान होता. तिला कुणी काढलं नव्हतं, तिनेच सोडलं. पण नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला शेवटचं बोलावून 'का चाललात' हे विचारणं तिच्या खात्याकडे असे. लोक म्हणत, आई आजारी आहे, पोर लहान आहे. तिचे आभार मानत आणि जिन्यात जाऊन डोळे पुसत. वर्षानुवर्षं हेच ऐकून तिला त्या खुर्चीचा वीट आला.

"जाणारा माणूस खरं कशाला बोलेल, मास?" ती नवऱ्याला म्हणाली होती. त्याला ती लाडाने मासच म्हणे. "राहतोय तोवर विचारायला हवं."

नवरा, गातोत, निवृत्त शाळामास्तर. भाजी चिरता चिरता तो म्हणाला होता, "विचारशील गं. पण उत्तर ऐकायला तुला बोलावणार कोण?"

बोलावलं पाक सुविग्न्योंनी. पाक म्हणजे बाप, बू म्हणजे आई; तिकडे मोठ्या माणसांना तशीच हाक मारतात. कोळंबीच्या कंपनीचे मालक, साठी ओलांडलेले, बोलायला गोड. शिकवून तयार केलेल्या बायका वर्षाच्या आत काम सोडतात, ही त्यांची अडचण. कंपनीत आपलेपणा यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी कंपनीचं गाणं, खेळ, टीशर्ट असं काहीतरी विविकने बसवून द्यावं. तिने आधी कारखाना पाहू द्या म्हटलं. तेही त्यांनी मोठ्या मनाने कबूल केलं.

सोलायच्या दालनात बर्फाचा गारठा. बायका रबरी बूट घालून ओल्या फरशीवर दिवसभर उभ्या. गारठ्यात माणसाला जास्त वेळा जावं लागतं, ते काही कुणाच्या हातात नसतं. जेवणाच्या सुट्टीत पोनियाह नावाची एक बाई विविकच्या शेजारी बसली. डब्यातला भात, सोयाबीनचं तेंपे, मिरचीचा ठेचा तिने चवीने खाल्ला आणि समोरचा पाण्याचा पेला तसाच ठेवला. विविकने विचारलं, पाणी नाही प्यायचं का?

"प्यायलं की जावं लागतं," पोनियाह म्हणाली. "बिल्ला मिळेलच असं नाही. मिळाला तर मुकादम सगळ्यांसमोर विचारतो, 'पुन्हा?' त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. जळजळ होते थोडी. होते सवय."

मग बाकीच्याही बोलायला लागल्या. एकीची मूत्रपिंडं बिघडली म्हणून ती गावी परतली होती. एक नवी मुलगी उभ्या जागी ओली झाली, दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

विविक त्याच दुपारी मालकांकडे गेली आणि गाणं राहू द्या, आधी बिल्ले काढा, म्हणाली. सुविग्न्यो हसले. बिल्ला मुल्यादींनी आणला होता, उत्पादन त्यांच्याकडे आणि आकडे चांगले येत होते. आणि एवढ्याशा गोष्टीवरून कुणी नोकरी सोडत नाही, बायकांना गप्पा मारायला निमित्त लागतं, असं त्यांनी तिला समजावलं. "मी त्यांना बापासारखा आहे, बू विविक. घरात थोडी शिस्त लागतेच."

मग वरिष्ठांसाठी खेळांचा एक दिवस घ्यायचं तिने कबूल केलं. परतताना तिने एका मुकादमाला विनंती करून त्याच्या टेबलावरचा एक बिल्ला मागून घेतला.

आता हॉटेलात मुल्यादी तो बिल्ला गळ्यात घालून बाहेर गेले होते आणि बहुतेक अंगणात सिगारेट ओढत रेंगाळले होते. तेवढ्यात सुविग्न्यो उठले. त्यांना साखरेचा त्रास होता हे विविकला माहीत नव्हतं. ते दारापाशी आले. ती उभी राहिली आणि बाजूला झाली.

"बिल्ला अजून आला नाही, पाक."

त्यांना ती थट्टा वाटली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू मावळलं. "मी या कंपनीचा मालक आहे."

"हो ना. म्हणून दार उघडंच आहे," विविक म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, आताही तिने तो चढवला नाही. "तुम्ही बिल्ल्याशिवाय जाऊ शकता. या खोलीतले फक्त तुम्हीच तसे जाऊ शकता."

सगळी मंडळी त्यांच्याकडे पाहत होती. सुविग्न्यो क्षणभर घुटमळले, जागेकडे वळले, पुन्हा थांबले. चेहरा लालबुंद झाला होता. कुणीतरी खाकरलं. विविकने नजर खाली घातली नाही.

"बाप म्हणालात ना तुम्ही," ती हळू म्हणाली. "घरात लेकी विचारून जातात का?"

सुविग्न्यो बाहेर गेले. ते परत आले नाहीत. थोड्या वेळाने खाली त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मुल्यादी आत आले. काय झालं ते शेजाऱ्याने त्यांना कानात सांगितलं. त्यांनी गळ्यातला बिल्ला काढला, टेबलावर पालथा ठेवला आणि खूप वेळ त्याच्याकडे पाहत बसले. विविकने दुपारचं सत्र ठरल्याप्रमाणे घेतलं. दार उघडं ठेवलं, ज्याला जायचं तो गेला. लोक बिचकत बिचकत बोलले. शीतगृहाचा प्रमुख म्हणाला, माझी बहीण दुसऱ्या कारखान्यात अशीच उभी राहते, घरी आली की आधी मोरीत धावते. मी कधी विचारलं नव्हतं तिला.

चहाच्या वेळी कर्मचारी विभागातली नास्तिती रडवेली होऊन आली. मालकांचा फोन आला होता. करार संपला, आणि बू विविकना खाली न्यायला कंपनीची गाडी मिळणार नाही.

"तू कशाला रडतेस?" विविक म्हणाली. "खाली पांदानला जायची जीप कुठून मिळते तेवढं दाखव."

जीपपर्यंत सोडताना नास्तितीने मालकांच्या साखरेच्या त्रासाबद्दल सांगितलं होतं. घरी आल्यावर गातोतने तेही सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजारी म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं करायचं होतं का?"

हा प्रश्न जीपमध्ये तिला स्वतःलाही छळत होता. "त्यांच्या आजाराचं माहीत नव्हतं. त्याचं वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण अडवलं नाही मी. दुसऱ्यांदाही असंच करीन."

पुढचे दिवस कठीण गेले. गोष्ट सुराबायाभर पसरली, प्रत्येक तोंडी जरा वाढत गेली. टायर कंपनीतले जुने स्नेही तिचं नाव सुचवेनासे झाले. ठरलेली दोन कामं आपोआप रद्द झाली. एका लग्नात जुन्या साहेबांच्या बायकोने तिला जवळ घेऊन सल्ला दिला, आता नातवंडांत रमावं. विविक म्हणाली, नातवंडं झाली की बघू.

मग एकदा नास्तितीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. कारखान्यातले सगळे बिल्ले हरवले होते. मालकांनी विचारलं तेव्हा मुल्यादी नम्रपणे म्हणाले, शोध चालू आहे, नवे करायला टाकलेत, सुताराला सवड नाही. सुताराला अजून सवड झालेली नव्हती. मालकांनीही पुन्हा विचारलं नव्हतं.

विविकला हसू आलं. कुणी माफी मागितली नव्हती, तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं, तिथे तिला पुन्हा कुणी बोलावणारही नव्हतं.

त्यानंतरच्या एका दुपारी ती जेवायला बसली होती. गातोतने रावोन केलं होतं, काळा दाट रस्सा, तिच्या आवडीचा. पहिला घास घेते तोच फोन आला. मालांगचं एक खासगी रुग्णालय, तिथला व्यवस्थापक. परिचारिका टिकत नाहीत म्हणाला. मग जरा चाचरत विचारलं, "त्या संडासाच्या प्रकरणातल्या बाई तुम्हीच का?"

"हो, मीच."

"आमच्याकडे तसं काही करणार नाही ना तुम्ही?"

"तुमच्या परिचारिकांशी बोलल्याशिवाय कसं सांगू?"

फोन बंद झाला. गातोतने तिच्या ताटात आणखी एक पळी रस्सा वाढला. ती भात कालवू लागली.

फोन पुन्हा वाजला. गातोतने डोकावून पाहिलं. तोच नंबर. त्याने फोन उचलून तिच्यापुढे धरला.

"वाजू दे, मास," विविक म्हणाली. "जेवण होऊ दे."