हाताखालची खुंटी

बाबांच्या हातात कपबशी आली की एक बारीक, अखंड किणकिण सुरू होई. अकोल्याच्या आमच्या घरात मे महिन्याच्या दुपारी कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा गंध आणि ही किणकिण अशी काही मिसळून गेलेली असे की डोळे मिटूनही मला कळे, बाबा चहा पीत आहेत. ज्या हातांनी जन्मभर सागाच्या काळजात पटाशीने रेखीव खाचा पाडल्या, त्याच हातांना उतारवयात कंप जडला होता. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिले होते, बाबा नुसते म्हणत, "हात बोलून राहिले." मग एके दिवशी त्यांनी सगळी अवजारे तेल लावून पेटीत ठेवली आणि त्याच पेटीवर बसून ते पेपर वाचू लागले. ते दृश्य मला सहन होत नसे. मी अमरावतीला नोकरीला. घरी आले की मुद्दाम त्यांच्यासमोर खुर्ची सरकवायची, आणि ते मुद्दाम पेटीवरच बसायचे.

त्या उन्हाळ्यात आई अंगणात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया निभावून गेली, पण घरी पाठवण्याआधीच डॉक्टरांनी बजावले की तिने खाली, बुटक्या आसनावर बसायचे नाही. उंच, भक्कम हातांची खुर्ची हवी, कारण उठताना सारा भार त्या हातांवर येईल, आणि ती पुन्हा पडली तर पुढचे काही सांगता येणार नाही. मी आणि बाबांनी बाजारातली खुर्च्यांची दुकाने पालथी घातली. प्रत्येक खुर्चीचा हात ते तळव्याने दाबून पाहत, कान जवळ नेऊन ऐकत आणि मान हलवत. शेवटी दुकानाच्या पायरीवरच ते म्हणाले, "याच्या भरोशावर तुह्या मायले सोडू मी?"

माळ्यावर मेळघाटी सागाची एक फळी होती. ती त्यांनी इतकी वर्षे कशासाठी राखली हे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारणे सोडून दिले होते. त्या फळीतून खुर्चीचे दोनच हात निघणार होते, तिसरा नाही. पाय आणि चौकट ओळखीच्या मिस्त्रीने कापून दिली, पण सांधे दुसऱ्याच्या हाती सोपवायला बाबा तयार होईनात. आणि त्यांची पटाशी तर आता रेघेवर टेकतासुद्धा नव्हती. मीच हट्टाने खाचा पाडणारे एक यंत्र घ्यायला लावले. त्याचा कटर फिरता फिरता डावी-उजवीकडे झुलतो आणि लाकडात लांबट खाच पाडतो. तशीच खाच समोरच्या तुकड्यात पाडायची, आणि मधे सरस लावलेली एक चपटी, सुटी खुंटी बसवायची. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. बाहेरून काहीच दिसत नाही. बाबांना हे प्रथम लबाडीचे वाटले. खाचेत बसणारे टोक, म्हणजे कुसू, त्याच लाकडातून निघायला हवे, बाहेरून आणलेला तुकडा दोघांना काय धरणार, असे त्यांचे म्हणणे.

अमरावतीला यंत्राच्या दुकानात मात्र त्यांचा नूर पालटला. काउंटरवर मिलिमीटरच्या मापाने कटर मांडले होते, पाचाचा, सहाचा, आठाचा, दहाचा. पोलादाच्या त्या कोवळ्या चकाकीवर त्यांची नजर अशी फिरत होती की मला त्यांचे तरुणपणाचे फोटो आठवले. मी म्हटले, दहाचा घ्या, जाड खुंटी जास्त भार घेईल. त्यांनी खिशातून सागाचा तुकडा काढला, त्याच्या जाडीवर बोट आडवे धरले आणि थरथरत्या नखाने तीन भाग दाखवले. मधला खुंटीचा, आजूबाजूचे दोन लाकडाचे. "लाकडाले बी जगू दे थोडं," म्हणाले, आणि आठाचा उचलला. मी अर्थातच वाद घातला. आई माझीही होती, आणि भीती माणसाला जाड वस्तूंकडे ढकलते.

दुकानदाराने मग जोडसामान पसरले. लांब पट्ट्या, मोजमापाचे अडसर, कसले कसले टेकू. बाबांनी त्यातून दोनच गोष्टी घेतल्या. एक अडसर, जो अरुंद लाकडाला दोन्ही बाजूंनी कवेत धरतो, म्हणजे हात हलला तरी यंत्र हलत नाही. आणि दुसरी धूळ ओढून घेणारी नळी. जन्मभर भुशात वावरलेला हा माणूस धुळीची नळी घेतो, याचे मला हसू आले. ते मात्र गंभीर होते. "जखम ओली हाय तिची," एवढेच बोलले.

पहिली खाच त्यांनी पाडली तेव्हा मी दाराशी उभी होते. यंत्र सुरू झाले, त्याची थरथर त्यांच्या मनगटात शिरली, आणि हातांची स्वतःची थरथर तिच्यात कुठेशी हरवून गेली. तेवढ्या क्षणांपुरते ते हात पुन्हा त्यांचे झाले होते. यंत्र थांबले, आणि बोटे परत बोलू लागली.

आई घरी यायची त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सरस न लावता जुळणी करून पाहिली. खुंट्या अंगठ्याच्या दाबाने आत गेल्या. बाबांनी त्या काढल्या, ताटलीत ठेवल्या आणि ताटली कूलरसमोर ठेवली. आमच्या घरी जपायचे ते सारे कूलरसमोर: आंबे, गजरा, आईच्या गोळ्या, आलेला पाहुणा. उन्हाने खुंट्या आकसतील, सांधा ढिला पडेल, अशी त्यांना धास्ती. रात्रभर ती ओली हवा त्या कोरड्या लाकडावरून वाहत राहिली, आणि आम्ही दोघेही निर्धास्त झोपलो.

सकाळी खाचेत सरस गेला, खुंटीला सरस लागला, आणि खुर्चीच्या डाव्या हाताची पहिलीच खुंटी अर्ध्यावर अडकली. ओल पिऊन ती फुगली होती. आत जाईना, बाहेर येईना. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात सरस वाट पाहत नाही. भिंतीवर कवडसा सरकत होता आणि पांढरा सरस कडेने पारदर्शक होऊ लागला होता. तिकडे इस्पितळात माझा भाऊ आईच्या सुटीच्या कागदांवर सह्या करत होता, संध्याकाळपर्यंत ती घरी पोचणार होती. खुंटी ठोकून बसवायला मी लाकडी मोगरी उचलली.

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "फुटन, माय."

"मग काय करता?" माझा आवाज चढला होता. खाचेची भिंत फुटली असती तर फळी संपली होती, हे मलाही दिसत होते.

ते खाली बसले. सागाचा हात त्यांनी दोन्ही गुडघ्यांत धरला, पकडीने खुंटीचे टोक आवळले आणि ओढलेच नाही. त्यांनी फक्त हातांना बोलू दिले. इतके दिवस जो कंप ते खिशात, धोतराच्या सोग्यात, पेपराच्या घडीत लपवत आले होते, तो त्यांनी त्या खुंटीत मोकळा सोडला. बारीक, अखंड, डावी-उजवीकडे. खुंटी केसभर सरकली, मग आणखी, आणि शेवटी ओला कागद फाटावा तसा आवाज करत सुटून आली. खाचेची कड शाबूत होती. बाबांनी कपाळ पुसले नाही. ओल्या फडक्याने आधी खाच पुसली.

मग सगळ्या खुंट्या आम्ही आईच्या तव्यावर मंद आचेवर शेकल्या. शेंगदाणे भाजावे तशा मी त्या हलवत होते आणि बाबा एकेक उचलून, थंड करून, खाचेत घालून पाहत होते. उन्हे चढण्याआधी सांधे बसले आणि क्लॅम्प आवळले गेले.

संध्याकाळी गाडी दारात थांबली. मी आईला धरून आणले, पण बाबा मधे उभे राहिले. "पयले मी बसतो." ते बसले, दोन्ही तळवे हातांवर टेकले आणि सगळे अंग त्यांवर झोकून देत उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. कान सांध्याकडे लावलेला. मग बाजूला झाले.

आई बसली. बाबा तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या तळव्यांकडे पाहत होते. जरा वेळाने तिने भार दिला आणि ती उठली. खुर्चीतून चकार आवाज आला नाही. दुसऱ्या सकाळी मी पोळी करायला लागले तेव्हा तिने आतल्या खोलीतून विचारले, "तव्याले लाकडाचा वास काहून येऊन राहिला?" बाबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही.

बाबा आता नाहीत. यंत्र पेटीत आहे, आठाचा कटर त्यांच्या तेलकट फडक्यात. घरात ती किणकिण नाही, आणि दुपारी चहाच्या वेळी मला तिची उणीव इतकी भासते की मी कधी कधी उगाच बशी हलवते. आई मात्र रोज सकाळी त्या खुर्चीतून उठते. हात टेकते, क्षणभर थांबते, मग भार देते. आणि मी अजूनही स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकते. काही वाजत नाही. काळाने बाबांना डोळ्यांआड केले खरे, पण आईचा तळवा जिथे टेकतो, त्याच्या बोटभर खाली ते अजून तिचा भार घेत आहेत.