पावलांची वही

बाबांचे बूट मी कापडी पिशवीत घालून मैदानावर आणले होते. नऊ नंबरचे, टाचेला एका बाजूने झिजलेले. सोबत त्यांची वही. त्यांच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी आदल्या दिवशी फोन करून दोन्ही मागितलं होतं.

"नुसती वही काही कामाची नाही गं," त्या म्हणाल्या होत्या. "आकडे सगळे त्यांच्या पावलांत आहेत."

बाबा सरकारी शाळेत खेळाचे शिक्षक होते. रिलेमध्ये बॅटन घेणारी मुलगी आपल्या मागे जमिनीवर एक खूण करून ठेवते. बॅटन आणणारीचा पाय त्या खुणेवर पडला की हिने सुटायचं. खूण किती मागे हवी, ते पावलाला पाऊल लावून मोजतात. इतर शाळांत मुली स्वतःच्या पावलांनी मोजतात. आमच्या मुलींचे बूट मात्र कधी बहिणीचे असत, कधी मैत्रिणीचे, आणि पाय तर दर सहा महिन्यांनी वाढत. म्हणून बाबा स्वतःच्या बुटांनी मोजायचे. दर शनिवारी, प्रत्येकीचं नाव, तारीख, पावलं. "माझे पाय आता वाढायचे नाहीत," असं म्हणायचे.

त्यांना जाऊन नऊ आठवडे झाले होते. त्यांच्या जागी कुणाला नेमलेलं नव्हतं. मुलींना घेऊन शिवणाच्या बाईच आल्या होत्या, गळ्यात शिट्टी आणि कपड्यांची मापं घ्यायची टेप, दोन्ही.

मी मोज्यांवर मोजे चढवून ते बूट घातले आणि लेनमध्ये उभी राहिले. टाचेला चवडा, चवड्याला टाच. तेवीस, चोवीस, साडेचोवीस.

"ताई, अर्धं पाऊल नीट घ्या हं," शेवटी धावणारी मुलगी म्हणाली. तिला सगळे लवंग म्हणत. अंगाने एवढीशी, जिभेने तिखट. "सर अर्ध्यासाठी भांडायचे."

मी चिकटपट्टीचा तुकडा लावला. ती वाकून बघत राहिली, मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासारख्याच चालता." मी पुढच्या खुणेकडे गेले.

एकच संघ पुढे, मोठ्या स्पर्धेला जाणार होता. आमच्या चौघींपैकी तिघींचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. शेजारच्या लेनमध्ये खासगी शाळा होती. त्यांच्या तंबूत मालिशचं टेबल होतं, बर्फाचे डबे होते, आणि खुणा मोजायला एक माणूस कॅमेरा घेऊन फिरत होता.

"बघ, नवरीमुलीचा थाट," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे आजूबाजूच्या गल्ल्यांतून ज्या येतात त्या येतात. ते मात्र शहरभर फिरून निवडतात, भाजी निवडल्यासारख्या. आणि वर म्हणायचं, मैदान सगळ्यांना सारखंच."

त्यांनी निवडलेल्यांपैकी एक आमचीच होती. टिटवी. वर्गात सुद्धा एका पायावर उभी राहायची म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. आज ती त्यांच्या संघात शेवटची धावणार होती.

बाई पंचांच्या टेबलाकडे नावनोंदणी तपासायला गेल्या आणि तावातावाने परत आल्या. हातात झेरॉक्स.

"वाच हे. टिटवीचा शाळा सोडल्याचा दाखला. दहा जानेवारी, मागच्या वर्षीची! एप्रिल संपेपर्यंत ही पोरगी माझ्या वर्गात काजं करत होती. धडधडीत खोटं. शाळा बदलली की एक वर्ष खेळता येत नाही, म्हणून त्या लोकांनी तारीख मागे ओढली."

मी कागद हातात घेतला. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ होती. 'विद्यार्थिनी'तला 'थ' अडखळल्यासारखा. दाखले लिहिण्याचं काम बाबांकडे होतं आणि मुख्याध्यापक न वाचता सही करत. हे त्या लोकांनी लिहिलेलं नव्हतं.

"हजेरीपट शाळेत कुलपात पडलाय," बाई म्हणत होत्या. "सोमवारशिवाय मिळायचा नाही. पण तुझ्याकडे वही आहे. त्यात एप्रिलपर्यंत दर शनिवारी तिचं नाव असणार. असणार ना?"

"असेल."

"मग झालं तर. निकालानंतर अर्ध्या तासात हरकत घेता येते. आधी पळू देत. आपण जिंकलो तर कागद फाडून टाकू, हरलो तर बघते त्यांच्याकडे." बाईंनी झेरॉक्स पर्समध्ये कोंबला.

तो एक वर्षाचा नियम बाबांनीच भांडून आणला होता. सहा वर्षं अर्ज, बैठका, रागाने अर्ध्यातून उठून येणं. घरी जेवताना दुसरा विषय नसायचा. मी पंधरा वर्षांची असताना दोनशे मीटरच्या अंतिम शर्यतीत पहिली आले होते. वळणावर पंच म्हणून बाबा उभे होते. माझा पाय लेनच्या रेषेवर पडला, आणि त्यांनी लाल निशाण वर करून मला बाद केलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज माझ्या ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवायचे.

माझ्या वेळी रेषा म्हणजे रेषा होती, आणि हिच्यासाठी त्यांनी तारीख बदलली होती.

शर्यतीला वीस मिनिटं असताना टिटवीच आली. नवे बूट, अंगावर संघाचं जाकीट. लवंगने तिच्याकडे पाहून तोंड फिरवलं.

"ताई, सरांचे बूट आणलेत असं कळलं. जरा द्याल? आमच्याकडे कॅमेऱ्याने मोजतात, पण माझी खूण काही बसत नाही. काल दोनदा लवकर सुटले."

"तुझ्या दाखल्यावरची तारीख कुणी लिहिली?"

तिने क्षणभर सुद्धा वेळ घेतला नाही. "सरांनी."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणीच नाही. मी म्हटलं होतं, सर, वर्षभर बसून राहिले तर ते माझी जागा दुसरीला देतील. सर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाखला दिला." ती एका पायावर उभी होती. "म्हणाले, कुणी विचारलं तर खरं सांगायचं. पण कुणी विचारलंच नाही."

मी बूट काढून तिच्या हातात दिले. का दिले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिने बसून ते घातले, आपल्या लेनमध्ये गेली, तिच्या जुन्या मापाची एकवीस पावलं मोजली, आणि परत आणून दिले. कॅमेरावाला बघत राहिला.

शर्यत पन्नास सेकंदांची होती. पहिल्या दोन बदलांत आमच्या मुली पुढे होत्या. बाबांच्या खुणा अचूक बसल्या, बॅटन कुठे अडलं नाही. तिसऱ्या बदलाला लवंग आणि टिटवी एकाच वेळी सुटल्या. लवंगने जीव काढला. शेवटच्या वीस मीटरमध्ये टिटवी पुढे सरकली, छातीभर अंतराने. खासगी शाळेचा तंबू ओरडला. लवंग रेषेपलीकडे जाऊन गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि वर पाहीना.

बाईंनी अर्ज लिहून ठेवलाच होता. "वही दे."

"बाई, अक्षर बाबांचं आहे."

"कसलं अक्षर?"

"दाखल्यावरचं. तारीख त्यांनीच घातलीये."

बाईंनी झेरॉक्स पुन्हा काढला, चष्मा चढवला, उतरवला. बाबांबरोबर त्यांनी बावीस वर्षं एका खोलीत डबा खाल्ला होता.

"मेला," त्या हळूच म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "सांग आता काय करायचं. अर्ज गेला तर त्यांचं नाव निघेल. शोकसभेत ज्यांनी भाषणं केली, तेच लोक त्या टेबलाशी बसलेत. आणि ती पोरगी बाद होईल ती निराळीच."

"किती वेळ आहे?"

"अकरा मिनिटं."

लवंग जवळ आली होती. तिने किती ऐकलं, कळलं नाही. "ताई, सरांना माहीत होतं?" एवढंच विचारलं. मी मान डोलावली. तिने खाली बघून बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "मग आमचं काय?" असं तिने विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने विचारलं नाही. बूट तिच्या बहिणीचे होते, पुढे कापूस भरलेला.

मी आधी खासगी शाळेच्या तंबूकडे गेले. टिटवी मालिशच्या टेबलावर बसली होती. मी तिला सांगितलं की मी वही देणार आहे. तिने पाय खाली सोडले.

"मी येऊ का?" ती म्हणाली.

"यायला हवंच असं नाही."

"सरांनी सांगितलं होतं ना, विचारलं तर." तिने जाकीट काढून घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. त्यांचे प्रशिक्षक मागून हाका मारत राहिले.

पंचांच्या टेबलाशी बाई, मी आणि टिटवी अशा तिघी उभ्या राहिलो. मुख्य पंचांनी अर्ज वाचला. ते बाबांना तीस वर्षं ओळखत होते. त्यांनी वही उघडली, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशी पानं उलटत गेले. दर शनिवारी टिटवीचं नाव होतं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारापुढे, आकड्याखाली, बाबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'शेवटचं माप.'

"हे अक्षर कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं. दाखल्यावरचंही त्यांचंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टिटवीकडे. तिने मान डोलावली.

"नोंद करावी लागेल," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. पेन उचलून ते थांबले. "हे आकडे म्हणजे पावलं? कुणाची पावलं, तेही लिहावं लागेल."

मी पिशवीतून बूट काढले आणि वहीशेजारी टेबलावर ठेवले.