अडतीस इंचांचा कोट

माझे संपूर्ण नाव मेणकापडी साठ-इंची मापनपट्टी. वय वर्षे एकवीस. दुकानात मला नुसते ‘टेप’ म्हणतात. हा संक्षेप मला मान्य नाही. परंतु मोजणे हेच जिचे काम, तिने मानपानाचा हट्ट धरू नये, म्हणून मी आजवर गप्प राहिले. आज बोलते आहे, ती माझ्यावर आलेल्या किटाळाविषयी.

जन्म यंत्रावर झाला आणि आयुष्य एका शिंप्याच्या गळ्यात गेले. त्यांना सारे मास्तर म्हणतात. मी कमरेभोवती आले की माणसे श्वास रोखून पोट आत घेतात. मास्तर गालातल्या गालात हसून माप थोडे सैलच लिहितात. एकेकाचे माप घेऊन एकेकाचे कपडे शिवावे, तर त्यांनीच.

मग औषधांच्या एका कारखान्याकडून कामगारांच्या पांढऱ्या कोटांचे काम आले. मुकादमाची अट होती, “सगळे एकाच मापाचे हवेत. खुंटीवरून जो काढेल, त्याला बसला पाहिजे.” मास्तरांनी बायका-पुरुष सर्वांच्या छातीची मापे घेतली, बेरीज केली, भागाकार केला आणि सरासरी अडतीस इंच काढली. त्या मापाचे काही कोट नमुन्यादाखल शिवून पाठविले.

त्याच दिवशी त्यांची दहावीतील मुलगी म्हणाली, “बाबा, पुढच्या वर्षी अकरावीला मी गणित ठेवणार आहे. त्यात संख्याशास्त्रही आहे.”

“कशाला डोकेफोड? सोपा विषय घे आणि दुपारी दुकानात बस. बेरीज-भागाकार आला की शिंप्याचं भागतं. माझं नाही भागलं?”

मुलीचा चेहरा पडला.

दोन दिवसांनी मुकादम कोट घेऊन परतला. “अहो मास्तर, बायकांच्या अंगावर तंबू झालाय, आणि पुरुषांची गुंडी लागेना! संध्याकाळपर्यंत सांगा जमतंय का, नाहीतर मी दुसरा शिंपी बघतो.”

तो जाताच मास्तरांना गुन्हेगार सापडला. “ही टेपच ताणली गेलीय, मेली!” असे म्हणून त्यांनी मला चिंध्यांत भिरकावले.

मुलीने मला उचलून पोलादी पट्टीशी लावून पाहिले. “टेप बरोबर आहे, बाबा.”

“मग भागाकार चुकला?”

“तोही बरोबर आहे.”

कोपऱ्यात बसून काज करणारी तिची आत्या सुईवरची नजर न काढता म्हणाली, “दादा, आता उरलं कोण?”

मुलीने मला कापणीच्या मेजावर लांब पसरले आणि बटणांचा डबा ओतला. “आत्या, तू एकेक माप वाच.” प्रत्येक मापासाठी त्या इंचाशेजारी ती एक बटण ठेवीत गेली. चौतिसाच्या आसपास एक ढीग झाला, बेचाळिसाच्या आसपास दुसरा. अडतिसापाशी मेजाचे नुसते लाकूड दिसत होते.

“बघा बाबा. सरासरी अडतीस आहे; पण अडतिसाचं माणूस एकही नाही.”

मास्तरांनी त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवले. “म्हणजे जो कारखान्यात नाहीच, त्याचे कोट शिवले मी.”

“दोन मापं ठेवू. बायकांच्या खुंट्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या.”

“हे शाळेत शिकवतात?”

“सरासरी कधी फसवते, एवढं झालंय. पुढचं अकरावीत आहे.”

माझे मत विचाराल, तर बेरीज-भागाकार ही केवळ अक्षरओळख होय. आलेल्या उत्तराला उलट प्रश्न विचारता येणे, हे खरे वाचन. माझ्या अंगावर साठ आकडे छापलेले आहेत; त्यांचा अर्थ लावणे मला या जन्मी साधणार नाही. ज्यांना शाळेत बसून ते साधणे शक्य आहे, त्यांनी कंटाळून तो विषय सोडू नये, एवढीच विनंती.

मुकादमाने दोन मापे मान्य केली. मुलीने अकरावीला गणित ठेवले. दुपारी दुकान आता मास्तर आणि आत्या दोघेच सांभाळतात.