चला, रडका बापू उतरा

कुशलने बापूंची माफी मागितली आणि बापूंनी त्याला चहा पाजून माफ केलं. पण असं काही घडलंच नाही, असं धरून चालू. कुशलही तसंच धरून चालतो.

नागावच्या रस्त्याला बापूंची नारळी-पोफळीची वाडी होती. मुलं परदेशात, झाडावर चढायला माणूस मिळेना. शेवटी बापूंनी वाडी बिल्डरला विकली, कडेचं घर तेवढं ठेवलं. पहिली इमारत झाली, ‘सी ब्रीझ हार्मनी’, आणि कुशल तिथे राहायला आला. ब्रीझ गच्चीवर गेल्यावर लागते. हार्मनी पार्किंगपर्यंत टिकते.

दुसऱ्या इमारतीसाठी उरलेली झाडं पाडली, त्या आठवड्यात बापू दारात खुर्ची टाकून रडले. तेव्हाच एका संध्याकाळी अलिबागहून येताना शेअर मिनिडोर रिक्षाचा ड्रायव्हर मोहम्मद याने कुशलला विचारलं, “कुठं सोडू?”

“तो बापू रडतो ना, तिथे.”

गाडीभर माणसं हसली. कुशलला बरं वाटलं. ऑफिसात त्याच्या विनोदाला कोणी हसत नाही.

आपल्याकडे स्टॉपला नाव पाटीने पडत नाही, ड्रायव्हरच्या तोंडून पडतं. दुसऱ्या दिवसापासून मोहम्मद ओरडू लागला, “चला, रडका बापू उतरा!” बाकीचे ड्रायव्हर त्याचं ऐकून शिकले. मग नाव फोनच्या नकाशावर आलं. मग ‘रडका बापू मेडिकल’ उघडलं. पुण्याचं एक कुटुंब तर जागृत देवस्थान समजून आलं आणि बापूंच्या पायरीवर नारळ फोडून गेलं. वाडी गेल्यापासून त्या घरात आलेला तो पहिला नारळ. बापूंच्या बायकोने, अंबिकाकाकूंनी, त्याची चटणी केली आणि वाटीभर शेजारी कुशलकडेही पाठवली.

ती काही त्याच्या घशाखाली उतरेना. तो तडक बापूंकडे गेला.

“बापू, ते नाव माझ्यामुळे पडलं.”

“तू होय? मला इतके दिवस हिचा संशय होता.”

“मी ठेवलं असतं तर याहून वाईट ठेवलं असतं,” काकू आतून म्हणाल्या.

बापू हसले. मग म्हणाले, “रडणं कधीच संपलं रे. पण दारात बसलो की गाडीतली माणसं वाकून बघतात. मी रडत नसलो की त्यांचे चेहरे पडतात. त्यांना फसवल्यासारखं वाटतं मला. म्हणून हल्ली मागे, टाकीपाशी बसतो. पुढच्या दारात बसायचंय, एवढंच.”

“बसा तुम्ही. मी बघतो,” कुशल म्हणाला. मग चहा झाला.

मोहम्मदला सांगून बघितलं. “भाई, सी ब्रीझ म्हणू? या रोडला सी ब्रीझ ढिगानं हायत. रडका बापू एकच हाय. त्याची इज्जतच हाय ती!” कुशलने हट्टाने “सी ब्रीझ” सांगितलं, तर मोहम्मदने त्याला चौलच्या सी ब्रीझला उतरवलं.

रविवारी बापूंनी कुशलच्या भरवशावर दारात खुर्ची टाकली. पांढरा सदरा घातला, पेपर उघडला.

त्याच वेळी कुशलचा नवा फ्रीज घेऊन टेम्पो रस्त्यावर गोल गोल फिरत होता. फोनवर ड्रायव्हर वैतागलेला. “साहेब, सी ब्रीझ कुठली? नीट सांगा, नायतर परत नेतो.”

कुशल बाल्कनीतून ओरडला, “अहो, रडका बापू! रडका बापूपाशी या!”

बापूंनी वर बघितलं. कुशल फोनसकट खाली बसला, पण बाल्कनीला नुसते गज होते. बापू उठून रस्त्यावर आले आणि त्यांनी टेम्पोला हात केला. “मीच तो. इथून आत वळा. सावकाश, गटार आहे.”

फ्रीज आत गेल्यावर त्यांनी खुर्ची उचलली आणि मागे टाकीपाशी नेली.

सोमवारी कुशलने ग्रामपंचायतीत अर्ज दिला:

‘महोदय, सदर ठिकाणी सर्व वाहनचालकांनी कोणतेही नाव न उच्चारता वाहन थांबवावे, प्रवाशांनी आपापले घर अंदाजाने ओळखून उतरावे, तसेच दारात बसलेल्या गृहस्थांकडे, ते रडत असोत वा नसोत, कोणीही पाहू नये, असे आदेश तातडीने व्हावेत, ही नम्र विनंती.’