डावीकडचा मेंढा

पोटाखाली, मागच्या दोन पायांच्या मधे, जिथे नोंदणीचा आकडा लिहिलेला होता तिथे आता नुसती माती... कोरडी, विटकरी, स्वच्छ पुसलेली. तिने तो मातीचा मेंढा सरळ केला, दुसरा उचलून उलटा केला. तिथेही तेच. सकाळपासून कितव्यांदा तरी तिने हे करून पाहिलं होतं, जणू एखाद्या वेळी आकडा आपणहून परत येऊन बसला असता.

एक मेंढा टेकाडाच्या उत्खननात सापडलेला, दोन हजार वर्षांचा. दुसरा नदीपलीकडच्या कुंभार मावशींनी गेल्या वर्षी लोककलेच्या दालनासाठी घडवलेला. माती त्याच नदीची, नाक तसंच दोन बोटांच्या चिमटीत ओढलेलं. दोघांना एकाच कपाटात शेजारी ठेवायचं, ही संग्रहालयाच्या संचालकांची कल्पना, आणि म्हणून नवे आकडे. एकाचा पुसायचा, लगेच नवा घालायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा – दुरुस्तीच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला ती हे दरडावून सांगायची. आणि काल तिने स्वतः दोन्ही एकदम पुसले. का? तर कापूस भिजलेलाच होता! त्यात कपाटातले दिवे बसवणारा वायरी घेऊन आला, त्याला जागा द्यायला तिने मेंढे उचलून खिडकीत ठेवले, आणि परत टेबलावर आणले तेव्हा... पण तेव्हासुद्धा ती घाबरली नव्हती. ओळखू येतील की, न ओळखायला काय झालं! वीस वर्षं मी दुसरं केलंय काय?

जुना फोटो होता, पण त्यात मेंढा कमी आणि सावली जास्त. जुनी माती जिभेला चिकटते, असं तिचे सर म्हणत – म्हणून दार लावून तिने दोघांनाही चाटून पाहिलं. दोघेही चिकटले. कोणी पाहिलं असतं तर! तिला हसू आलं आणि लगेच तिने दाराची कडी पुन्हा तपासली. प्रयोगशाळेत पाठवले असते तर महिन्याभरात उत्तर आलं असतं, पण पाठवायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की संपलंच सगळं. "बाईंनी हात लावला ना, मग बघायला नको," असं संचालक पाहुण्यांना सांगत, ती वरवर लाजत असे, आणि घरी जाताना ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवत असे. नवऱ्याला काल रात्री सांगावंसं वाटलं होतं. पण तोही हेच म्हणाला असता – तुला कळत नाही, असं कसं होईल?

दुपारी तिने दोघांना कपाटात ठेवलं. जुना डावीकडे, नवा उजवीकडे. हात आपोआप गेला, म्हणजे बरोबरच असेल... की जो आधी हाती आला तो जुना?

उद्घाटनाआधी मावशी आल्या. नवं लुगडं, हातात पिशवी. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिथेच धडधडू लागला. घडवणारीला तर कळेलच. कळू दे. चारचौघांत शोभा झाली तर झाली, पण हे सुटेल.

"सांगा बघू मावशी, तुमचा कोणता?" संचालकांनी गमतीने विचारलं.

मावशी वाकल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. मग त्यांची नजर हळूच खाली, उजवीकडच्या चिठ्ठीवर गेली. तिथे त्यांचं नाव छापलेलं होतं.

"हा की," त्या म्हणाल्या. "आपलं लेकरू ओळखायला येत नाही व्हय?"

संचालक खूश झाले, टाळ्या वाजल्या. ती नजर फक्त तिनेच पाहिली होती. मावशींनी तिचा हात धरला आणि तोंड जवळ आणून पुटपुटल्या, "खरं सांगू का ताई, मला काही कळंना. पण तुम्ही ठेवलेत म्हणजे बरोबरच असणार."

तिला बोलायचं होतं. ओठ उघडलेही. मावशी हसून तिच्याकडे पाहत होत्या, अगदी निर्धास्त.

"बाई, कुलूप लावायचं ना?" संचालकांनी विचारलं.

किल्ली तिच्याच हातात होती. कालपासून ती पकडलं जाण्याला भीत होती. आता कोणी पकडणार नव्हतं – आज नाही, उद्या नाही, ती निवृत्त झाल्यावरही नाही. शाळेतली मुलं येतील, काचेला नाकं लावतील, डावीकडच्या मेंढ्याकडे बोट दाखवून दोन हजार वर्षं म्हणतील, आणि सगळे तिच्यावर विश्वास ठेवतील. तिला दरदरून घाम फुटला.