परीक्षेचं जेवण

संयोगितानं चपला दाराबाहेर जाऊन घातल्या, पाठीवरची पिशवी सावरली आणि फाटकाची कडी आवाज न करता काढली. तेवढ्यात दुधाची चरवी घेऊन आक्का गोठ्यातून बाहेर आली.

"कुठं गं, दिस उगवायला?"

"लायब्ररीत. कोल्हापूरला."

"च्या तरी घे की."

उभ्या उभ्याच ती चहा प्यायली. आक्का पुढं काही म्हणाली नाही, हे जरा नवलच होतं. भाऊ-भावजय गेल्यावर या भाचीला आक्कानंच वाढवलं होतं, आणि उपाशीपोटी कुणाला उंबऱ्याबाहेर सोडणं तिला जमतच नसे.

एस.टी.त खिडकीशी बसल्यावर संयोगिताला हायसं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा हा तिचा दुसरा प्रयत्न, आणि तो तिनं अख्ख्या भावकीपासून लपवला होता. कुणी विचारलं की "तारीख आली न्हाय अजून" म्हणून मोकळी व्हायची.

गेल्या वर्षीचा थाट आठवला की तिला अजून हसू यायचं. बाळासोकाकांची जीप आणि तीत कोंबून बसलेली झाडून सारी माणसं. पोरगी एवढ्या मोठ्या परीक्षेला निघालेली, तिला एकटी सोडायची म्हणजे काय! पेपर दुपारचा, म्हणून आधी कोल्हापुरात धाकट्या आत्याकडं थांबले. तिनं मटण करून ठेवलेलं. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, वर "एवढी एक वाटी, माझ्या गळ्याशपथ" झालं. नको म्हणायला तोंड उघडावं तर त्यात घास यायचा. मग थंडगार हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर इंग्रजी उतारा वाचताना तिच्या डोळ्यांवर अशी झापड आली की एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत बसली.

निकाल बघून ती खोलीत दार लावून रडली होती. महिनाभर सगळं खापर मटणावर फोडून झालं. पुढं सराव परीक्षा द्यायला लागली तेव्हा खरं दुखणं कळलं. परीक्षाकेंद्राच्या फाटकाबाहेर एवढी माणसं ताटकळत असताना प्रश्न कोरा कसा सोडायचा, म्हणून तिनं येईल न येईल तो प्रत्येक प्रश्न सोडवला होता. पानात वाढलेलं टाकायचं नाही, हीच लहानपणापासूनची शिस्त. चुकलेल्या उत्तरांनी बरोबरच्यांचे गुणही खाऊन टाकले. तेव्हापासून वर्षभर ती प्रश्न सोडून द्यायची सवय लावून घेत होती, आणि ते सोडवण्यापेक्षा अवघड निघालं.

आज मात्र जमलं. जे येणार नव्हते ते प्रश्न तिनं डोळ्यांसमोरून खुशाल जाऊ दिले. पेपर मनासारखा झाला. बाहेर आली, तर गेल्या वर्षी फाटकासमोरच्या ज्या झाडाखाली सगळे सतरंजी टाकून बसले होते, तिथं कुणाची तरी मोटारसायकल उभी होती. तेव्हा "आली, आली!" म्हणून एकच गलका झाला होता. काकांनी टॉवेलनं वारा घातला होता, आत्यानं पाण्याची बाटली पुढं केली होती, आणि सगळ्यांच्या मागं आक्का टाचा उंचावून तिला शोधत होती. त्या गलक्याची तेव्हा किती लाज वाटली होती! आज तोच गलका ऐकायला तिचा जीव तुटत होता. झाडाखाली थोडा वेळ उभी राहून ती स्टँडकडं निघाली.

घरी ती कुणाला काही बोलली नाही. आक्कानंही काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. बाळासोकाकांची जीप, आणि तीत गेल्या वर्षीचीच सगळी माणसं.

"आवर गं, संयोगिता! पेपरला उशीर हुईल की!" काका ओरडले.

ती धावत माजघरात गेली. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून पदर सारखा करत होती.

"आक्का, परीक्षा आज हाय म्हणून कुणी सांगितलं ह्यांना?"

"मी."

"अगं पण ती..."

"गेल्या आयतवारी झाली. ठावं हाय मला. फोनवर मैत्रिणीला सांगत हुतीस ते काय ऐकू येत न्हाय व्हय?"

"मग?"

"मग काय? सगळी सारखी इचारायची, तारीख कदी, तारीख कदी. खरी सांगितली असती तर एकटीला सोडलं असतं तुला? म्हणून आजची सांगितली."

संयोगितानं आक्काच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

"आता मी काय सांगू त्यांना?"

"खरं सांग की. पर जेवल्यावर सांग. धाकटीनं पाटंपासनं चूल पेटवलीया."

जीपमध्ये सगळ्यांनी सरकून दोघींना जागा केली. मागून कुणी म्हणालं, "भिऊ नगंस गं," कुणी देवाचा अंगारा पुढं केला. संयोगितानं मुकाट्यानं तो कपाळाला लावला. गाव मागं पडलं, तशी आक्का तिच्याकडं न बघता, फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"पेपर बरा गेला न्हवं? आठ दिस झालं, जीव नुसता टांगणीला लागलाय माझा."