तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

माझ्या ताईने, बेरिटने, मंगळवारी दुपारी चार वाजता तिला हवी असलेली एकमेव नोकरी नाकारली. फोन स्वयंपाकघरात घेतला होता, त्यामुळे आम्ही सगळे साक्षीदार आहोत.

नोकरी जिल्ह्याच्या पाणलोट कार्यालयातली. आमच्या तळ्याचं पाणी तपासायचं, त्यात येणारे ओढे तपासायचे, काठावरच्या शेतकऱ्यांशी बोलायचं. कायमची जागा, वर दातांचा विमा. बेरिटकडे पर्यावरण अभ्यासातली मास्टर्स पदवी आहे आणि एक किडकी दाढ आहे. दोन्ही दोन वर्षांपासून तशाच पडून आहेत.

या दोन वर्षांतल्या तिच्या नोकऱ्या मीच सांगते, कारण ती स्वतः सांगणार नाही. एक अख्खा उन्हाळा ती धक्क्यावर वाकून बोटींच्या बुडाला परके शिंपले चिकटलेत का ते बघत होती. एका वसंतात रोज संध्याकाळी डबक्याकाठी बसून तिने बेडकांचे आवाज मोजले. मग दलदल नेमकी कुठे संपते ते दाखवायला गुलाबी झेंडे रोवले, त्यातले अकरा एका गाईने खाल्ले. मग शाळांचा कचरा उपसून त्यात न खाल्लेलं अन्न किती ते वजन करून लिहिलं. त्यात माझीही शाळा होती. त्या दिवशी घरी मला गाजरांबद्दल बरेच प्रश्न विचारण्यात आले.

आणि आता शुक्रवारी पाचपर्यंत तिला ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीला उत्तर द्यायचं होतं. कंपनी निसर्गाची किती काळजी घेते, यावर दरवर्षी एक जाडजूड अहवाल लिहायचा. पगार मोठा, दातांचा विमा तिथेही. फक्त तळं नाही.

तर मंगळवारचा फोन. पाणलोट कार्यालयाचे नवे साहेब मिस्टर फुसारो तीन महिन्यांपूर्वी न्यू जर्सीहून आले. त्यांचा आवाज ऐकायला स्पीकर लावावा लागत नाही.

"बेरिट! आम्ही तुमची निवड केलीय! येणार ना?"

"अय्या, नको हो," बेरिट म्हणाली. "माझ्यापेक्षा बरं कुणीतरी मिळेल तुम्हाला."

यात तिचं काहीही चुकलं नाही. आमच्या मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा म्हणायचं, नको. दुसऱ्यांदा म्हणायचं, उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, तुम्हाला अडचण नसेल तर. कॉफी असो, गाडीतून सोडणं असो, किडनी असो.

"ओह," फुसारो म्हणाले. "वाईट वाटलं. पण ठीक आहे, शुभेच्छा!" आणि त्यांनी फोन ठेवला.

बेरिट फोनकडे बघत उभी राहिली.

"विचारेल परत," बाबा म्हणाले. "माणूसच आहे ना."

बुधवारी फोन आला नाही.

"ताई, तूच फोन कर की," मी जेवताना म्हटलं.

आईने डाव खाली ठेवला. "आणि काय सांगायचं? मला द्या म्हणून?"

"हो."

"टोव्ह!" आई माझ्या नावाने अशी ओरडली, जणू मी चर्चला काडी लावायला निघाले होते.

"असू दे गं," बेरिट म्हणाली. "ह्यूस्टनला पण पाणी असेलच."

"कुठलं?"

तिने विचार केला. "नळाचं."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट. मार्चपर्यंत मला फोनवर पिझ्झा मागवायचीही भीती वाटायची. मग मी वक्तृत्व स्पर्धेत राज्यात तिसरी आले, आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटत नाही. अगदी कशाचीच! गुरुवारी शाळा सुटल्यावर मी सायकल थेट पाणलोट कार्यालयाकडे मारली.

फुसारोंच्या टेबलावर कॉफीचं भरलेलं भांडं होतं आणि बिस्किटांचा डबा. "कॉफी घेणार?"

"नको."

त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"हे बघा, हेच," मी म्हटलं. "मी बेरिटची बहीण. तुम्ही तिला एकदाच विचारलंत."

"ती नाही म्हणाली."

"एकदाच म्हणाली."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "किती वेळा म्हणायला हवं होतं?"

मी सगळी रीत समजावून सांगितली. ते हळूच कॉफीच्या भांड्याकडे वळले. "म्हणजे इथे येऊन नको म्हणणाऱ्या सगळ्यांना कॉफी हवी होती?"

"बहुतेक."

"तीन महिने?" त्यांनी डब्याचं झाकण उघडून परत लावलं. "मला वाटलं, मी लोकांना आवडत नाही."

"ते तुम्हाला कळलंच नसतं. आवडत नसलात तरी आम्ही असेच वागतो."

"उद्या संध्याकाळी मी दुसऱ्या उमेदवाराला फोन करणार होतो."

"त्याच्या आधी घरी या. चार वाजता. कॉफीच्या वेळेला." त्यांनी कागदावर लिहून घेतलं: अजून दोनदा.

शुक्रवारी आईने रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या केल्या. चारपर्यंत ताटात एक उरली. शेवटची वडी आमच्याकडे कुणी घेत नाही. कुणी तिची अर्धी करतं, कुणी अर्ध्याची अर्धी, आणि उरलेला चुरा आई चिमण्यांना टाकते. आईच्या एका मामांनी म्हणे एकदा अख्खी उचलली होती. पुढे ते गाव सोडून गेले. कारण वेगळं होतं, पण तरी.

बेरिटसमोर लॅपटॉप उघडा होता. ह्यूस्टनचं उत्तर लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं बाकी.

फुसारो दारातूनच म्हणाले, "बेरिट, नोकरी घ्या!"

"उगाच तुम्हाला त्रास," बेरिट म्हणाली. दुसरी वेळ. अगदी छान चाललं होतं.

"त्रास कसला! घ्या!"

"नको हो, खरंच नको."

मधली उसंत! ती सांगायची मी विसरलेच होते. दोन विचारण्यांच्या मध्ये हवेबद्दल बोलायचं असतं, रस्त्याबद्दल, निदान एखाद्या माशाबद्दल. तेवढ्यात माणूस मनाची तयारी करतो. बेरिटला तयारीला वेळच मिळाला नाही, आणि तीनही वेळा संपल्या. चौथ्यासाठी आमच्याकडे रीतच नाही.

फुसारोंनी माझ्याकडे बघितलं. "हवा," मी ओठांनीच सांगितलं.

"हवा?" ते मोठ्याने म्हणाले.

"गार आहे," बाबा म्हणाले.

"गार आहे," फुसारोंनी मान डोलावली. मग त्यांनी टोपी उचलली. "ठीक आहे. तीनदा विचारलं. मी समजलो." आणि ते दाराकडे वळले.

बेरिटने त्यांच्या पाठीकडे बघितलं. लॅपटॉपकडे बघितलं. खिडकीतून जेवढं तळं दिसतं तेवढं बघितलं. मग हात पुढे केला आणि ताटातली शेवटची वडी उचलली.

अख्खी.

आईने टेबलाची कड धरली. बेरिट ती डाव्या बाजूने चावत होती, कारण उजवीकडे दाढ. तिने सगळी संपवली, बोटं पुसली आणि म्हणाली, "सोमवारी किती वाजता येऊ?"

"आठ," फुसारो म्हणाले.

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "हवा निवळेल असं दिसतंय," ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी आईचंही कधी केलेलं नाही.

बेरिट गेली असती तर तिची खोली मला मिळाली असती. पडद्यांची मापं मी घेऊन ठेवली होती. असो.

आईने रिकामं ताट उचललं आणि फुसारोंना विचारलं, "कॉफी घेणार?"

"हो!" फुसारो म्हणाले.

आईने दुसऱ्यांदा न विचारता कप भरला.